इक्वेडोरचा रस्ता धरण्याआधी : केळी उत्पादकांना खुले पत्र

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर आणि आसपासच्या सर्व केळी उत्पादक बांधवांना, भगिनींना आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या भागात केळीवर मेळावा भरला की दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरचे नाव निघतेच. तिथली फ्रूटकेअर म्हणजे घडांची निगा, बागेतून घड थेट पॅकहाउसपर्यंत नेणारा केबलवे, हौदातली धुलाई, खोक्यातली मांडणी, सगळे दाखवले जाते. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भारत जगात सर्वांत जास्त केळी पिकवतो, वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक, आणि त्यातला अगदी किरकोळ हिस्सा देशाबाहेर जातो. इक्वेडोर क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून लहान. तो देश आपल्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी केळी पिकवतो, पण निर्यातीत जगात पहिला आहे. जात म्हणाल तर आपल्याकडे लावल्या जाणाऱ्या जी-नाइन या वाणाच्याच कॅव्हेंडिश गटातली. म्हणून जळगावचा शेतकरी तिकडे आशेने पाहतो, आणि पाहावेच.

मात्र या मेळाव्यांत एक माणूस कधी दाखवला जात नाही. त्याचे नाव अल्वारो नोबोआ पोन्तोन. वकिलीचे शिक्षण घेतलेला, एके काळी केळीचा सर्वांत मोठा देशी निर्यातदार असलेला, आणि पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेला. इक्वेडोरची केळी समजून घ्यायची तर या माणसाची कारकीर्द समजून घ्यावी लागते. ती मी शक्य तेवढी तपासून आपल्यापुढे ठेवत आहे. कारण आपण आज निर्यातीच्या ज्या वळणावर उभे आहोत, तिथे इक्वेडोर सत्तर वर्षांपूर्वी उभा होता.

सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागेल. लुईस नोबोआ नारान्हो १९१६ साली आम्बातो या डोंगरी गावात जन्मले. घरची गरिबी, त्यात वडील लवकर गेले. हा मुलगा ग्वायाकिल बंदरात आला आणि पोरवयापासून पडेल ते काम करत वाढला. पुढे तांदळाची, मग केळीची निर्यात सुरू केली. १९४८ मध्ये गालो प्लाझा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या काळात सरकारने किनारपट्टीवर रस्ते काढले, कर्जे दिली, आणि काही वर्षांतच इक्वेडोर केळीच्या व्यापारात आघाडीवर आला. लुईस नोबोआ त्या लाटेवर स्वार झाले. १९९४ साली ते वारले तेव्हा देशातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांची ओळख होती. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

त्या काळात घडलेली दुसरी गोष्ट मात्र आपल्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. मध्य अमेरिकेत युनायटेड फ्रूट कंपनी स्वतः हजारो एकर जमिनी घेऊन केळी पिकवत असे. इक्वेडोरमध्ये तिची तेंगेल नावाची मोठी जमीन होती. १९६२ मध्ये मजुरांनी तिथे शिरून ताबा घेतला आणि कंपनीने त्या जमिनीतून अंग काढून घेतले. इथून पुढे निर्यातदारांना एक गोष्ट कळून चुकली, की केळीवर पैसा कमवायला सगळी जमीन आपल्या नावावर असण्याची गरज नाही. लागवड शेतकऱ्याची, रोगराई शेतकऱ्याची, वादळ शेतकऱ्याचे. निर्यातदाराने खोके, ब्रँड, जहाज आणि पलीकडचा गिऱ्हाईक एवढे हातात ठेवले की पुरते. इक्वेडोरमध्ये आजही लहान-मध्यम बागायतदार हजारोंनी आहेत, पण बंदरावर त्यांच्या मालाला हात लावणारे मोजके. करपा पडला तर नुकसान बागेत मोजले जाते. युरोपात मागणी घटली तरी तेही बागेतच मोजले जाते, कारण खोकी उचलायची नाकारता येतात, घड मात्र झाडावर थांबत नाही. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

अल्वारोचा जन्म १९५० सालचा, ग्वायाकिलचा. कायद्याची पदवी घेतल्यावर त्याने स्वतःचा जमीन-इमारतींचा धंदा उभा केला. वडिलांच्या निधनानंतर साम्राज्याच्या वाटणीवरून भावंडांत वाद पेटला आणि तो न्यूयॉर्क आणि लंडनच्या न्यायालयांपर्यंत गेला. अखेर मुख्य कारभार अल्वारोच्या हाती आला. त्याची बहीण इसाबेल हिने नोबिस नावाचा वेगळा उद्योगसमूह उभारला आणि तीही देशातल्या मोठ्या उद्योजकांत गणली जाते. अल्वारोकडे शंभराहून अधिक कंपन्या आल्या. केळीची निर्यात, ‘बोनिता’ हा ब्रँड, जहाजे, खोक्यांचा पुठ्ठा, प्लास्टिक. केळीच्या धंद्यातली जवळपास प्रत्येक कडी एकाच घरात.

धंदेवाईक माणूस राजकारणात गेला म्हणून मी त्याला नावे ठेवणार नाही. निवडणूक लढवणे हा कोणाचाही हक्क आहे. मी फक्त कोणती सत्ता कोणत्या सत्तेला जाऊन मिळत होती ते सांगतो.

१९९६ मध्ये अब्दाला बुकाराम राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी अल्वारोला देशाचे पतधोरण ठरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद दिले. बुकाराम यांना काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९९७ मध्ये, संसदेने पदावरून दूर केले. पुढच्या वर्षी बुकाराम यांच्याच पक्षाने अल्वारोला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे केले. १९९८ च्या दुसऱ्या फेरीत तो हामिल माहुआद यांच्याकडून अगदी थोडक्यात हरला. त्याला जवळपास ४९ टक्के मते होती. मग त्याने स्वतःचाच पक्ष काढला आणि २००२ मध्ये पुन्हा उभा राहिला. या खेपेला दुसऱ्या फेरीत कर्नल लुसिओ गुतिएरेस जिंकले. २००६ मध्ये तिसरा प्रयत्न, समोर राफाएल कोरेआ हे अर्थतज्ज्ञ. पहिल्या फेरीत अल्वारो पुढे होता, दुसऱ्या फेरीत कोरेआंना सुमारे ५७ टक्के आणि त्याला ४३ टक्के मते पडली. २००९ मध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. २०१३ मध्ये चार टक्केही मते मिळाली नाहीत.

२००६ च्या प्रचाराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. तो सभेत गुडघे टेकून प्रार्थना करायचा, हातात बायबल घेऊन बोलायचा, स्वतःला देवाचा सैनिक म्हणवायचा. वर्षाला तीन लाख घरे बांधण्याचे आश्वासन त्याने दिले होते. गरीब वस्त्यांत संगणक वाटले, व्हीलचेअर वाटल्या, पैसे वाटले. त्याच्या कुटुंबाच्या संस्थेची वैद्यकीय पथके तर त्याच्याही कितीतरी आधीपासून वस्त्यांत जात होती. त्याची पत्नी आनाबेला असिन स्वतः डॉक्टर. औषध खरे होते, तपासणी खरी होती, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या बाईचा आजारही खरा होता.

त्याला मते देणाऱ्या लाखो लोकांना खुळे ठरवणे मला पटत नाही. १९९९ मध्ये त्या देशातल्या बँका कोसळल्या, लोकांच्या ठेवी सरकारने गोठवल्या, पुढच्याच वर्षी देशाचे चलन जाऊन अमेरिकी डॉलर आला. आयुष्यभराची पुंजी डोळ्यांदेखत मातीमोल झालेला माणूस सरकारवर कसा विश्वास ठेवेल? अशा माणसाला स्वतःच्या खिशातून देणारा उमेदवार जवळचा वाटला, तर त्यात दोष त्या माणसाचा नाही. मात्र ज्या खिशातून व्हीलचेअर येत होती, तो खिसा भरणाऱ्या बागांत काय चालले होते, हे तिथल्या वस्तीपर्यंत नीट पोहोचले नाही. आपल्यापर्यंत तर अजिबात नाही.

आता २००२ साल. एप्रिलमध्ये ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने इक्वेडोरच्या केळी बागांवरचा अहवाल प्रसिद्ध केला. बागांत काम केलेल्या ४५ मुलामुलींशी त्यांनी बोलून घेतले होते. बरीचशी आठ ते तेरा या वयात कामाला लागलेली. दिवसाचे सरासरी बारा तास काम, आणि हातात सरासरी साडेतीन डॉलर, म्हणजे कायद्याने ठरलेल्या किमान मजुरीच्या साधारण साठ टक्के. कीटकनाशक लावलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या ही मुले हाताळत होती. वरून विमानाने बुरशीनाशकाची फवारणी चालू असताना ती खाली बागेत असायची. ही केळी अनेक कंपन्यांना जात होती, परदेशी बड्या कंपन्यांनाही, त्यामुळे हा दोष एकट्या नोबोआच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

लोस आलामोस मात्र नोबोआ समूहाचीच. ग्वायास प्रांतातला हा बागांचा मोठा गट, तिथे हजाराहून अधिक मजूर. त्या वर्षी वसंतात मजुरांनी संघटना बांधायला घेतली. मागण्या काय, तर जादा तासांचे पैसे, आरोग्य विमा, कायद्याने देय असलेल्या सोयी. संघटना बांधू लागलेल्यांपैकी शंभराहून अधिक जणांना कामावरून काढले. मे महिन्याच्या सुरुवातीला संप सुरू झाला. १६ मे २००२ च्या मध्यरात्रीनंतर तोंड झाकलेल्या बंदूकधाऱ्यांची मोठी टोळी मजुरांच्या खोल्यांत घुसली. मारहाण झाली, गोळ्या चालल्या, अनेक जखमी झाले, एका मजुराचा पाय कापावा लागला. टोळी कोणाच्या हुकमाने आली, याचा निकाल मी इथे बसून देणार नाही. पण बाग कोणाची होती, हे कागदावर आहे. आणि त्या बागेचा मालक पाच महिन्यांनी मतपत्रिकेवर होता, हेही कागदावर आहे.

या प्रकरणाने जगभर बोभाटा झाला. तरी केळीच्या मजुरांची संघटना उभी राहणे तिथे आजही अवघडच आहे. कायद्याने संघटना नोंदवायला एकाच मालकाकडचे किमान तीस मजूर लागतात. लहान बागेत तीस माणसे नसतात, आणि मोठी बाग कागदोपत्री वेगवेगळ्या कंपन्यांत वाटली की तिथेही तीस भरत नाहीत. २००२ च्या सुमारास संघटित मजुरांचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. २००८ मध्ये संविधान सभेने ठेकेदारामार्फत मजूर पुरवण्याच्या पद्धतीवर बंदी घातली, ही मोठी सुधारणा. २०२१ मध्ये पिचिंचा प्रांताच्या न्यायालयाने आस्ताक या केळी मजुरांच्या संघटनेची संपूर्ण क्षेत्राची संघटना म्हणून नोंद करण्याचा आदेश दिला. लोस आलामोसपासून त्या आदेशापर्यंत १९ वर्षे गेली.

शेतकऱ्याचे काय? तिथे सरकार दरवर्षी खोक्याचा किमान भाव जाहीर करते. बागायतदार आणि निर्यातदार समोरासमोर बसतात, एकमत झाले नाही तर मंत्रालय ठरवते. २०२४ साठी ४३ पौंडांच्या, म्हणजे साडेएकोणीस किलोच्या खोक्याला ६.८५ डॉलर ठरले होते. ही पद्धत मला मनापासून आवडते. बऱ्हाणपूर-रावेरच्या रोजच्या भावाकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ती हेवा वाटावी अशीच आहे. मात्र मंदीच्या आठवड्यांत करार नसलेल्या शेतकऱ्याला तो भाव मिळत नाही, ही तिथल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे. लेखी करार असलेला तगतो, बिनकराराचा खोके घेऊन फिरतो.

या ठिकाणी नोबोआच्या उमेदवारीचा खरा अर्थ कळतो. किमान भाव ठरवणारा मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतो. संघटनांची नोंद करणारे कामगार खाते राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली. कर वसूल करणारी यंत्रणाही त्याच सरकारची. केळी विकत घेणारा, वाहून नेणारा, आणि त्या सगळ्यावर देखरेख ठेवणारा एकच माणूस व्हायला निघाला होता, आणि १९९८ मध्ये तो त्यापासून फार तर दोन-तीन टक्के मतांवर होता. मतदारांनी तीनदा दुसऱ्या फेरीत नकार दिला म्हणून ते टळले.

करांचा वादही याच काळातला. त्याच्या मुख्य निर्यात कंपनीवर २००५ सालच्या कराची थकबाकी दाखवण्यात आली. तो ती मान्य करत नव्हता, कोरेआ सरकार राजकीय सूड घेत आहे असे त्याचे म्हणणे होते. २०१३ मध्ये करखात्याने लोस रिओस प्रांतातली ला क्लेमेंतिना ही त्याची सुमारे ११,००० हेक्टरची जमीन जप्त केली आणि वर्षअखेरीस लिलावात काढली. ती तिथल्याच मजुरांच्या सहकारी संस्थेने सरकारी बँकेचे कर्ज काढून घेतली. आपण सहकाराच्या भूमीतले लोक, आपल्याला हे ऐकून आनंद होईल. मलाही झाला. पण कोट्यवधी डॉलरच्या कर्जाचे ओझे घेऊन सुरू झालेल्या संस्थेला केळी विकायला शेवटी त्याच बाजारात, त्याच मोजक्या निर्यातदारांच्या दारी जावे लागते. जमीन मिळाली तरी खोके आणि जहाज मिळत नाही. ज्या कोणाला वाटते की सात-बारा आपल्या नावावर आहे म्हणजे आपण मालक आहोत, त्यांनी ला क्लेमेंतिनाचा विचार जरूर करावा.

अल्वारो राष्ट्राध्यक्ष झाला नाही. त्याचा मुलगा झाला. दानिएल नोबोआ ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत वयाच्या ३५ व्या वर्षी निवडून आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा. आई आनाबेला असिन त्याच वर्षी राष्ट्रीय सभेवर निवडून गेल्या. मुलाला बापाच्या कारकिर्दीवरून तोलू नये, हे मला मान्य आहे. तो ज्या देशाचा कारभार पाहतो, तो देश आज टोळ्यांच्या हिंसाचाराने हैराण आहे. ग्वायाकिलहून युरोपला जाणाऱ्या केळीच्या कंटेनरांत कोकेन लपवले जाते, त्यामुळे प्रामाणिक बागायतदाराच्या मालाचीही झाडाझडती होते, आणि तपासणीला लागलेल्या वेळात फळ पिकू लागते. ते प्रश्न त्याने निर्माण केले असे मी म्हणत नाही. तरीही देशातल्या सर्वांत मोठ्या केळी घराण्याचा मुलगा सरकारच्या शिखरावर असताना खोक्याचा किमान भाव आणि बागेतल्या मजुराची संघटना या दोन गोष्टींवर निर्णय घेणारे लोक त्याने नेमलेले आहेत, एवढे तर मान्य करावेच लागेल.

आता आपल्याकडे वळतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आखाती देशांत आपली खोकी जातात. मोठे निर्यातदार आता बांधावर येऊन सौदा करतात, रोपे देतात, पिशव्या देतात, आपला माणूस पाठवून घडाची निगा राखायला शिकवतात. हे चांगले आहे, त्यांचे मी स्वागत करतो. पण रोपे त्यांची, पिशव्या त्यांच्या, खोके त्यांचे, कापणीची टोळी त्यांची, शीतगृह त्यांचे आणि वजनकाटाही त्यांचा, अशी वेळ आली तर आपण आपल्याच शेतात जोखीम उचलणारे मजूर होऊ. इक्वेडोरच्या बागायतदाराचे हेच झाले, आणि ते एका रात्रीत झाले नाही.

म्हणून माझी मागणी थेट उत्पादक कंपन्यांच्या संचालकांकडे आहे. पुढच्या हंगामाचा सौदा तोंडी करू नका. खोक्याचे वजन, भाव ठरवण्याची तारीख, कोणत्या दोषाला किती कपात, आणि निर्यातदाराने माल उचलला नाही तर भरपाई किती, हे चार मुद्दे मराठीत लिहिलेल्या करारात असू द्या. पॅकहाउस आणि शीतगृह, निदान एक तरी, संस्थेच्या स्वतःच्या मालकीचे ठेवा, मग ते लहान का असेना. एकाच निर्यातदाराला सगळ्या गावाचा माल बांधून देऊ नका, तो कितीही भला असला तरी. आणि जो आपला माल घेतो तोच उद्या मत मागायला आला, तर त्याला सभेत सर्वांसमोर विचारा की भाव आणि मजुरी ठरवणाऱ्या बैठकीत तो कोणत्या बाजूला बसणार आहे.

शेतकऱ्यांना मात्र एक वेगळी गोष्ट सांगायची आहे, आणि ती काहींना कडू लागेल. लोस आलामोसच्या मजुरांनी जे मागितले, ते आपल्या बागेतल्या टोळीला आपण देतो का? घड कापणारा, खांद्यावर वाहणारा, फवारणी करणारा बहुतेकदा आदिवासी पट्ट्यातून किंवा राज्याच्या सीमेपलीकडच्या गावांतून आलेला असतो. त्याची हजेरी मुकादमाच्या वहीत असते, आपल्या वहीत नसते. फवारणीला हातमोजे आणि मास्क किती बागांत मिळतात, ते प्रत्येकाने आपल्या बागेपुरते तपासावे. खोकी भरायच्या कामावर शाळेच्या वयाचे पोर दिसले तर ते काम तिथेच थांबवावे. युरोपचा गिऱ्हाईक उद्या याचा दाखला मागणारच आहे, पण दाखल्यासाठी म्हणून हे करू नका. पोर आपल्या बागेत आहे, म्हणून करा.

कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीची, लागवड सुरू व्हायच्या आत तालुक्यातल्या सर्व उत्पादक कंपन्यांनी एकत्र बैठक बोलवावी, त्या बैठकीत मजुरांचे प्रतिनिधीही असावेत, अशी माझी विनंती आहे. कराराच्या मसुद्याचे काम मी हाती घेतले आहे. जे वकील मित्र यात मदत करतील, त्यांचे मी आधीच आभार मानतो. बैठकीची तारीख कळवा, मसुदा घेऊन हजर राहीन.

आपला,
यावल तालुक्यातील एक केळी उत्पादक